किडनीच्या रुग्णाने कोंबडी खावी का?

परतवाड्यात कुणाचं क्रिएटिनिन वाढल्याचं कळलं, की घरचे सगळ्यात आधी कोंबडी बंद करतात. खाली दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराची धास्ती मोठी, त्यामुळे तिकडचे पाहुणेही हाच सल्ला देतात. तो सरसकट पाळणं चूक आहे, आणि डायलिसिसवरच्या माणसासाठी तर घातक.

गैरसमज : किडनी बिघडली की प्रथिनं बंद.
वस्तुस्थिती : डायलिसिस सुरू झालेलं नसेल, तर प्रौढ रुग्णाला साधारणपणे वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं चालतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरी, वाटीभर वरण आणि कपभर दूध यांतून २५-३० ग्रॅम मिळतात. उरलेल्यात शिजवलेलं, बिनहाडाचं ६० ग्रॅम चिकन बसतं. म्हणजे दोन-तीन तुकडे, ताटभर नाही. डायलिसिसवर गणित उलटं होतं. दर वेळी रक्तातली अमिनो आम्लं निघून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. अशा माणसाची कोंबडी-अंडी तोडली, तर त्याचे स्नायू झिजतात.

गैरसमज : तुकडे नको, नुसता रस्सा द्या.
वस्तुस्थिती : मायेपोटी होणारी ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. शिजताना मांसातलं पोटॅशियम आणि थोडं फॉस्फरस पाण्यात उतरतं. त्या पाण्यात आपण सुकं खोबरं, खसखस, शेंगदाणे वाटून घालतो, वर मीठ. त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर. म्हणजे रुग्णाला जे टाळायला सांगितलंय, तेच वाटीत जातं. त्यापेक्षा कातडी काढलेले छोटे तुकडे भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका आणि कांदा, आलं-लसूण, जिरं, मिरे यांवर थोड्या तेलात परता. मीठ दिवसभराचं सगळं मिळून चहाच्या चमच्याएवढं, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं-पापडही त्यातच धरायचं. ‘कमी सोडियम’चं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं.

गैरसमज : गावरान असेल तर कितीही चालते.
वस्तुस्थिती : प्रथिनं गावरान आणि ब्रॉयलर दोन्हीत जवळपास सारखीच. खरा धोका पाकिटातल्या नगेट्स-सॉसेजमध्ये. त्यांत घातलेलं फॉस्फेट शरीरात जवळजवळ सगळं शोषलं जातं. ताज्या मांसातलं साधारण निम्मंच.

गैरसमज : चिकन खाल्लं आणि क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी आणखी बिघडली.
वस्तुस्थिती : शिजताना मांसातल्या क्रिएटिनचं थोडं क्रिएटिनिन होतं आणि काही तास रक्तात जास्त दिसतं. त्यामुळे रक्त द्यायच्या आधी बारा तास मांस खाऊ नका.

आजाराचा टप्पा, पोटॅशियम, फॉस्फरस, मधुमेह यांनुसार प्रत्येकाचं प्रमाण बदलतं. पुढच्या तपासणीला अमरावतीला जाल तेव्हा ताजा रिपोर्ट पुढे ठेवा आणि किती ग्रॅम चालेल, ते आहारतज्ज्ञाकडून कागदावर लिहून घ्या.