बांगडा-तारली ‘तेलकट’ म्हणून डाएटमधून काढायची का? कॅलरी नेमक्या कुठून येतात?

वजन कमी करायचं ठरलं की ताटातून सगळ्यात आधी ‘तेलकट’ पदार्थ बाहेर जातात. या यादीत अनेकदा बांगडा आणि तारलीचाही नंबर लागतो. कारण या माशांत चरबी जास्त असते. मग कुणी मासेच बंद करतं, तर कुणी महागडा सॅल्मन किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल शोधू लागतं.

पण हिशेब मांडला तर वेगळंच चित्र दिसतं. ताटातल्या जास्तीच्या कॅलरी बहुतेक वेळा माशाच्या नसतात. त्या तव्यातल्या तेलाच्या, खोबऱ्याच्या वाटणाच्या आणि पुन्हा वाढून घेतलेल्या भाताच्या असतात.

तेलकट मासे म्हणजे कोणते?

ज्या माशांच्या मांसातच चरबी साठते, ते तेलकट मासे. आपल्याकडे बांगडा, तारली, पेडवे आणि पाला म्हणजेच हिलसा हे मासे यात येतात. बोंबील, रोहू, कटला यांत चरबी तुलनेने कमी असते.

रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो सॅल्मनच्या कुळातला नाही. त्यामुळे सॅल्मनबद्दल वाचलेले आकडे रावसाला लावू नयेत.

या माशांतली चरबी मुख्यतः प्लवकांपासून येते. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात ओमेगा-3 तयार होतं आणि ते अन्नसाखळीतून माशांत पोहोचतं. म्हणूनच तारलीतल्या चरबीचं प्रमाण वर्षभर सारखं नसतं. हंगामानुसार ते दोन-तीन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत बदलू शकतं.

एका बांगड्यात किती कॅलरी?

एक ग्रॅम प्रथिनांतून 4 आणि एक ग्रॅम चरबीतून 9 कॅलरी मिळतात. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांच्या झाल्या 80 कॅलरी.

आता चरबी 4 ग्रॅम असेल तर एकूण कॅलरी 116 होतात. चरबी 10 ग्रॅम असेल तर 170. म्हणजे कमी चरबीच्या आणि भरपूर चरबीच्या बांगड्यात फरक आहे 54 कॅलरींचा.

एका छोट्या चमचाभर (5 मिली) तेलात साधारण 45 कॅलरी असतात. म्हणजे ज्या चरबीला घाबरून मासा सोडला जातो, ती तव्यात पडणाऱ्या एक-सव्वा चमचा तेलाएवढी आहे.

मग कॅलरी वाढतात कुठे?

एकाच बांगड्याची दोन ताटं पाहू. आकडे अंदाजे आहेत.

पहिलं ताट:
- बांगडा (100 ग्रॅम मांस): 150
- रव्याचा थर: 50
- तळताना लागलेलं मोठा चमचाभर तेल: 120
- आमटीतलं ओलं खोबरं, 40 ग्रॅम: 140
- दोन वाट्या भात: 390
- एकूण: 850

दुसरं ताट:
- बांगडा (100 ग्रॅम मांस): 150
- तव्यावर भाजायला छोटा चमचाभर तेल: 45
- ज्वारीची एक भाकरी (50 ग्रॅम पीठ): 170
- काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दाण्याच्या कुटाशिवाय: 30
- एकूण: 395

मासा दोन्हीकडे तोच, फरक साडेचारशे कॅलरींचा. दिवसाची मर्यादा 1,500 कॅलरी असेल तर पहिल्या ताटातच निम्म्याहून जास्त कोटा संपतो.

ओमेगा-3 मुळे वजन घटतं का?

नाही. ओमेगा-3 मुळे अंगावरची चरबी जळत नाही. रक्तातले ट्रायग्लिसराइड कमी व्हायला त्याची मदत होते. वजन घटतं ते खाल्लेल्या कॅलरी खर्चापेक्षा कमी असल्या तरच.

माशाचा उपयोग वेगळा आहे. प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. शिवाय व्हिटॅमिन बी-12 आणि काही प्रमाणात डी मिळतं. कॅप्सूलमधून ओमेगा-3 मिळतं, पण प्रथिनं मिळत नाहीत आणि पोटही भरत नाही.

आठवड्यात किती खायचा?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला 100 ते 200 ग्रॅम मासे खाण्याचा सल्ला देते. ब्रिटनची आरोग्यसेवा आठवड्यातून दोनदा मासे आणि त्यात एकदा तेलकट मासा सुचवते.

बाजारातून आणलेल्या अख्ख्या माशाचं डोकं, काटे आणि पोट काढलं की साधारण निम्मं ते 60 टक्के मांस उरतं. त्यामुळे 200 ग्रॅमचा बांगडा म्हणजे 200 ग्रॅम मांस नव्हे.

दिवसाची मर्यादा मात्र प्रत्येकाची वेगळी असते. मावळातलं सुदुंबरे गाव घ्या. इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. रोज कवायत करणाऱ्या जवानाला जेवढ्या कॅलरी लागतात, तेवढ्या चाकण-तळेगावच्या कंपनीत दिवसभर कम्प्युटरसमोर बसणाऱ्याला लागत नाहीत. मासा दोघांनाही चालतो. सोबतचा भात, भाकरी आणि तेल मात्र ज्याच्या त्याच्या कामानुसार ठरवावं लागतं.

कसा शिजवायचा?

- तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं हा चांगला पर्याय. त्यात वाटणाचं खोबरं टाळता येतं.
- केळीच्या पानात गुंडाळून भाजला तर तेल जवळपास लागतच नाही.
- तव्यावर करायचा असेल तर तेल बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून घ्या.
- खारवलेल्या सुक्या बांगड्यात पाणी कमी असल्याने तेवढ्याच वजनात कॅलरी जास्त असतात आणि मीठही भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी तो जपून खावा.

घाटावर मासा घेताना काय पाहायचं?

मावळात समुद्राचा मासा घाट चढून, बर्फातून येतो. बांगडा आणि तारलीच्या बाबतीत हा प्रवास महत्त्वाचा आहे. हे मासे थंड राहिले नाहीत तर त्यांत हिस्टामीन नावाचा घटक तयार होतो. तो शिजवून, तळून किंवा पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, धडधड असा त्रास होऊ शकतो. लोक त्याला ‘मासा बाधला’ किंवा ‘ॲलर्जी आली’ म्हणतात.

म्हणून बर्फात ठेवलेलाच मासा घ्या. डोळे चमकदार, कल्ले लाल आणि मांस घट्ट हवं. घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बर्फातल्या माशाबद्दल विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

माळकरी घरात काय?

सुदुंबरे हे संत तुकारामांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संत संताजी जगनाडे महाराजांचं समाधिस्थान. या भागात वारकरी परंपरा खोलवर रुजलेली आहे आणि गळ्यात माळ असलेल्यांच्या घरात मासा शिजत नाही.

त्यांच्यासाठी जवसाची चटणी आणि अक्रोड हे पर्याय आहेत. पण जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं असतं आणि माशात मिळणाऱ्या प्रकारात त्याचं रूपांतर शरीरात फारच कमी होतं. माशात मिळणारा प्रकार शैवालापासून बनवलेल्या कॅप्सूलमधूनही मिळतो. त्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. जवस आणि अक्रोडातही तेल भरपूर असतं, त्यामुळे तेही मोजूनच खायचं.

कोणी जपून खावं?

युरिक ॲसिड वाढलेल्यांना किंवा गाऊट असलेल्यांना बांगडा-तारलीचा त्रास होऊ शकतो. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असताना फिश ऑइलच्या कॅप्सूल परस्पर सुरू करू नयेत. गर्भवतींनी पारा साठणारे मोठे शिकारी मासे टाळावेत. बांगडा, तारली हे लहान मासे त्या मानाने सुरक्षित समजले जातात.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी बांगडा आणला की एकच गोष्ट करून पाहावी. मासा तेवढाच ठेवायचा, तव्यात तेल मोजून घालायचं आणि भात एकदाच वाढून घ्यायचा.