पद्मिनी पुन्हा धावते

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायद्याने निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ या दिवशी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं होतं. वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख लिहिले. पण काळ्या-पिवळ्या रंगाची ती टॅक्सी म्हणजे पद्मिनीचा निम्माच संसार. उरलेला निम्मा खासगी गाड्यांचा. पुण्यातल्या वाड्यांच्या बोळात, सांगली-कोल्हापूरच्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये, नाशिकच्या एखाद्या जुन्या दवाखान्यामागे त्या अजूनही ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यातल्या पुष्कळ गाड्या पुन्हा चालू शकतात, आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. क्रम पाळायची तयारी मात्र लागते.

या गाडीचं मूळ दोन ठिकाणी आहे, सोलापूरला आणि तुरिनला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनवायचा ध्यास घेतला होता. त्यातल्या मोटारीसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात तुरिनच्या फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० मुंबईत आली. तिच्या गोलसर पहिल्या अवताराला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ हे प्रेमाचं नाव मिळालं. १९६४ च्या सुमारास कोनदार बांध्याची ११०० डिलाइट आली. पुढे काही काळ तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट या नावाने विकली गेली आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. २००० च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत तिचा सांगाडा, तिचं इंजिन आणि तिचा चेहरा मुळात तोच राहिला.

परवानाराजच्या काळात ग्राहकाला निवड नव्हती, म्हणून ही गाडी इतकी वर्षं बदलली नाही. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या पिढीला त्याचा जाच झाला. आज जुनी गाडी उभी करणाऱ्याच्या मात्र तोच स्थितिशीलपणा पथ्यावर पडतो. साठच्या दशकातल्या डिलाइटचे कित्येक भाग नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीला बसतात. काच, रबर, किंगपिन, क्लच प्लेट, गॅसकेट, पंपाचा डायाफ्राम यांचा माल अजून बाजारात फिरतो, कारण तो हजारो टॅक्सींसाठी बनत होता. परदेशी जुन्या गाडीला एखादी छोटी वस्तू मिळवायला महिने जातात आणि खिसा रिकामा होतो. पद्मिनीची वस्तू कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा तालुक्याच्या एखाद्या ऑटोमोबाइल दुकानाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेली सापडू शकते.

तिची रचनाही तितकीच मनमोकळी आहे. पुढे चार सिलिंडरचं १०८९ सीसी इंजिन, साधारण चाळीस अश्वशक्ती, एक कार्ब्युरेटर, चार गिअर. बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर, आणि ताकद मागच्या चाकांना. मागे पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन सुमारे नऊशे किलो. बॉनेट उचललं की प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाड झाला तर तो ठिणगीत असतो, पेट्रोलमध्ये असतो, हवेत असतो किंवा दाबात. एका वेळी एक गोष्ट तपासत गेलं की कारण सापडतंच. म्हणून शिकणाऱ्या माणसाला यासारखी गाडी नाही.

आधी कागद, मग पत्रा

कमी बजेटच्या कामात सर्वांत मोठी बचत गाडी घेण्यापूर्वीच होते. पहिली तपासणी आरसी बुकाची. इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक पुस्तकाशी जुळले पाहिजेत, नाव हस्तांतर होण्याजोगं असलं पाहिजे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही भरावा लागतो. ज्या गाडीचे कागद मेले आहेत ती कितीही देखणी असली तरी पार्ट्ससाठीच घ्यावी.

दुसरी तपासणी पत्र्याची, आणि इथे पद्मिनीचा एक गुण लक्षात ठेवावा लागतो. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या, फरशी आणि जॅक लावायच्या जागा सडल्या असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. कोकण-मुंबईची दमट हवा हे काम आतून करते. मॅट उचलून फरशी पाहावी, डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहावा, दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजली आहेत का ते पाहावं. खिशात साधं लोहचुंबक असावं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे. शेवटी चारही दारं उघडून लावून पाहावीत. दाराच्या फटी वरून-खालून सारख्या नसतील तर सांगाडा कुठेतरी बसला आहे.

इंजिन बिघडलेली पण पत्र्याने सुदृढ गाडी नेहमी स्वस्त पडते. उलट, चकचकीत रंगाची, सुरळीत चालणारी आणि खालून सडलेली गाडी घेणारा माणूस दोनदा पैसे देतो.

खर्चाचा क्रम

गाडी आणली की रंगाचा विचार मनात येतो. तो सर्वांत शेवटी ठेवावा. पहिले पैसे थांबण्यावर घालावेत. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबर कडक होतं. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे किट आणि रबरी नळ्या एकाच वेळी बदलाव्यात. त्यात अर्धवटपणा चालत नाही. मग किंगपिन आणि स्टीअरिंगचे सांधे. पद्मिनीच्या पुढच्या सांध्यांना नियमित ग्रीस लागतं. ते न मिळाल्यानेच बहुतेक गाड्यांचं स्टीअरिंग ढिलं झालेलं असतं.

त्यानंतर थंडावा. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा बेदम तापली की हेड वाकतं आणि गॅसकेट जातं. म्हणून रेडिएटर उघडून त्याच्या नळ्या साफ करून घेणं, पाण्याच्या पंपाचं सील बदलणं आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट वापरणं हा सर्वांत स्वस्त विमा.

इंजिनाच्या बाबतीत घाई टाळावी. बंद पडलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, ते मुरू द्यावं आणि मग हाताने हँडल फिरवून पाहावं. इंजिन मोकळं फिरलं की कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजावा. आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायचंच नाही. नवं ऑइल, टॅपेट सेटिंग, प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि धुतलेला कार्ब्युरेटर एवढ्यावर ते चालू होतं. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. रिंगांना बोअरचं काम लागेल, व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून भागतं. एवढी एक चाचणी मोठा खर्च वाचवते.

पेट्रोलची वाटही तपासायला हवी. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या घडणीचं रबर त्यात फुगतं किंवा तडकतं. टाकी आतून धुऊन घ्यावी, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि डायाफ्राम घालावेत, मध्ये एक पारदर्शक फिल्टर ठेवावा. वायरिंगही तसंच. तडकलेल्या इन्सुलेशनवर टेप गुंडाळत बसण्यापेक्षा नवा हारनेस घालणं स्वस्त, कारण जुन्या गाड्यांना आग लागते ती वायरीतून आणि गळक्या पेट्रोलमधून.

मग पत्रा. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा असतो. दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आतून आडवी पट्टी जोडून आधार द्यावा, नाहीतर सांगाडा वाकतो आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. जोड झाला की जस्ताचा प्रायमर, खालून अंडरकोट, पोकळ पट्ट्यांच्या आत मेणाचा फवारा. रंग त्यानंतर.

हात कुणाचे

या सगळ्यात जे काम पैशांनी विकत मिळतं त्यापेक्षा मोलाचं काम करणारी माणसं अजून आहेत. लेथवर जुना बुश मोजून नवा फिरवणारा टर्नर, ठोकून ठोकून मडगार्डचा गोलवा परत आणणारा पत्र्याचा मिस्त्री, पाट्यांना पुन्हा कमान देणारा, मूळ सीटचा नमुना पाहून तसाच शिवणारा कुशनवाला. टॅक्सी गेल्यावर यांच्यातल्या अनेकांचं रोजचं काम आटलं. कमी बजेटमध्ये गाडी उभी करणारा माणूस त्यांच्याकडेच जातो, कारण नवा सुटा भाग आणण्यापेक्षा जुना दुरुस्त करणं त्याला परवडतं. त्यातून गाडी तर वाचतेच, कारागिरीही एक पिढी पुढे जाते. मोठ्या पैशांच्या जीर्णोद्धारात पुष्कळदा सगळंच नवं बसवलं जातं. छोट्या बजेटच्या गाडीत मूळ लोखंड जास्त उरतं, आणि माझ्या मते हीच तिची खरी श्रीमंती आहे.

अट एकच. कामाचे टप्पे करावेत, प्रत्येक टप्प्याला गाडी चालती राहावी. संपूर्ण गाडी एकदम सुटी केली की उत्साह आणि पैसा दोन्ही मध्येच संपतात आणि सुटे भाग डब्यांत हरवतात. महिन्याच्या पगारातून ब्रेक, पुढच्या महिन्यात रेडिएटर, दिवाळीनंतर वायरिंग, असं चाललेलं काम वर्षभर लांबलं तरी पूर्ण होतं. काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून त्यावर नाव लिहावं आणि उघडण्यापूर्वी फोटो काढावा. ही सवय फुकट आहे.

आपली छाप किती?

गाडी आपली झाली की तिला आपल्या मनासारखं करावंसं वाटणारच. इथे कायदा आणि रसिकता दोघांचंही मत एकच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. छप्पर कापणं, दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवणं हे उद्योग कायद्याने अडचणीचे आणि गाडीच्या दृष्टीने विध्वंसक.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन आणि रॅलीसाठी असते. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने ती पाटी घेऊ नये. पण पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली आहे, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेल्या गाडीला ते दार बंद असतं. हौसेखातर केलेला एक बदल पुढच्या मालकाचा हक्क हिरावून घेऊ शकतो.

मग करायचं काय? जे उद्या उलटवता येईल ते करावं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, सीट बेल्ट, रेडियल टायर, जुन्या रेडिओच्या चेहऱ्यामागे नवा स्पीकर. मनाजोगतं कापड, दोन रंगांची सीट, लाकडी डॅशपट्टी. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावा. एवढ्यानेही गाडी आपली दिसते, सुरक्षित होते आणि पद्मिनीही राहते.

कुर्ल्यात बनलेली ही गाडी एका काळात मराठी मध्यमवर्गाचं स्वप्न होती. आज ती त्याच वर्गाच्या आवाक्यातली जुनी गाडी आहे, आणि असं भाग्य फार थोड्या जुन्या गाड्यांना लाभतं. ज्यांच्या घरामागे अशी एक उभी आहे त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एक रविवार काढावा. आरसी शोधावी, फरशी पाहावी, प्लग काढून हँडल फिरवून बघावं. कागद जिवंत असतील, कणा शाबूत असेल आणि इंजिन फिरत असेल, तर उरलेलं सगळं काम पगारात आणि चिकाटीत बसतं.