वाड्याचं परसदार, आता गॅलरीत

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत बाग घराच्या रोजच्या वापरातूनच आकाराला यायची. चौकात तुळशीवृंदावन, परसात प्राजक्त नि अनंत, आणि मोरीचं पाणी बाहेर पडे तिथे अळू आणि कर्दळ. सांडपाणी जिरायचं, चिखल व्हायचा नाही, वर फदफद्याला पानं दारातच! यापेक्षा शहाणी बागरचना मला तरी माहीत नाही.

वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तरी हाच विचार गॅलरीतही चालतो. कुंड्या आणण्याआधी ऊन बघा. शेजारची इमारत आड येत नसेल, तर दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन खोलवर येतं; तिथे मोगरा, गुलाब, मिरची लावा. उत्तरेकडे एरवी सावली, पण मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. तिथल्या नेच्यांना आणि विड्याच्या वेलाला तेवढे दिवस आडोसा द्या.

गच्चीवर मात्र वजन सांभाळा! ओली माती घनफुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते. म्हणून माती कमी, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट जास्त. मूठभर मिश्रण दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोट टोचताच सुटावा. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत, खाली तुळई असेल तिथेच ठेवा.

आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी काळ्या देठाच्या अळूच्या टबात जातं. श्रावणातली पहिली अळूवडी त्याच पानांची.