गुळवेल: कोणाला, किती, किती दिवस?

परळच्या केईएम रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी येणारे काही काविळीचे रुग्ण डॉक्टरांना कोड्यात टाकत. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकून झालेली ही कावीळ. अडथळा काढायचा तर ऑपरेशन करावंच लागे, आणि ऑपरेशन नीट पार पडूनही रुग्ण दगावत. पित्त तुंबल्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद ओसरलेली असे. मग जंतुसंसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नसे.

तिथल्या डॉ. शरदिनी डहाणूकर (मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’ या पुस्तकामुळे जास्त ओळखतात) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांना गुळवेल देऊन पाहिली. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्ण होते 30. अँटिबायोटिक, के जीवनसत्त्व, नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढणं, हे नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळाले. एका गटाला त्या काळात गुळवेलीचा अर्कही दिला, वजनाच्या दर किलोमागे रोज 16 मिलिग्रॅम. गुळवेल न मिळालेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरला, मिळालेल्या गटात एकाच्याही नाही. ऑपरेशननंतर पहिल्या गटातले 40 टक्के वाचले, दुसऱ्यातले 92 टक्के.

यात एक बारकावा आहे आणि पुढच्या सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे. यकृताच्या कामात दोन्ही गटांत काही फरक दिसला नव्हता. फरक पडला तो पांढऱ्या पेशींत. म्हणजे ‘यकृताला चांगली’ अशी ख्याती असलेल्या या वेलीनं इथे काम केलं ते प्रतिकारशक्तीवर.

तीस रुग्णांचा अभ्यास म्हणजे सुरुवात. एवढ्या लहान गटात दिसलेला मोठा फरक शेकडो रुग्णांच्या चाचणीत पुष्कळदा खाली येतो. तरी धागा पुढे गेला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 1999 साली गुळवेलीतून प्रतिकारक पेशींना चेतवणारी एक बहुशर्करा वेगळी काढली. 2005 साली 75 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नाकाच्या ॲलर्जीच्या शिंका आणि गळणं गुळवेलीनं कमी झाल्याचं दिसलं. ग्रंथांनी जिला ‘अमृता’ म्हटलं, त्या वेलीत काही दम नाही असं म्हणायची सोय त्यामुळे राहिली नाही.

मग 2020 उजाडलं. करोनावर खात्रीचं औषध नव्हतं, लस आली नव्हती, आणि ‘इम्युनिटी’ हा शब्द भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. ऑक्टोबरमध्ये आलेल्या आयुष मंत्रालयाच्या कोविड उपचार-नियमावलीत गुळवेलीला जागा मिळाली. घरोघरी काढे उकळू लागले, घनवटीच्या बाटल्या संपू लागल्या, कुंपणावरच्या वेलीच्या कांड्या शेजाऱ्यांत वाटल्या जाऊ लागल्या. केईएममध्ये औषध होतं ते ठरावीक आजाराला, तोलून मापून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. आता ते धडधाकट माणसं सकाळच्या चहाच्या जागी घेऊ लागली. किती घ्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवलं. कधी थांबायचं हे कोणीच नाही.

त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांना सहा रुग्ण असे दिसले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ज्यांच्या पोटात गुळवेल जात होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या ऑटोइम्यून हिपॅटायटिस नावाच्या आजाराशी या इजेचं साम्य होतं. एक रुग्ण दगावला. 2021 मध्ये हा अहवाल प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयानं तो दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलं का, हा मंत्रालयाचा मुख्य सवाल होता.

सवाल वावगा नव्हता. गुळवेलीची एक जवळची बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिची पानंही हृदयाच्या आकाराची. मंत्रालयानं नंतर दोघींतले फरकही सांगितले: गुळवेलीचं खोड हिरवट, फळं गोल आणि लाल, क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर बारीक फोडांसारखे उंचवटे, आतून दुधाळ चीक आणि फळं लांबट, नारिंगी. वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे जमेल. बाजारातली वाळलेली कांडी किंवा चूर्ण हाती घेऊन कोण ओळखणार?

पण ‘भलतीच वेल खाल्ली असेल’ एवढ्यावर प्रकरण मिटलं नाही. 2022 साली देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या वेळी रुग्णांनी घेतलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही झाली होती. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारणपणे 46 दिवस गेले होते. पुष्कळांना यकृताचा जुना आजार आधीपासून होता, तो गुळवेलीनंतर एकाएकी बळावला. मंत्रालय मात्र गुळवेल सुरक्षित असल्याच्या मतावर कायम राहिलं.

दोन्ही बाजूंना आपापल्या घोषणा सोडवत नाहीत, हे या वादाचं दुखणं आहे. 43 रुग्णांवरून धोक्याचं प्रमाण काढता येत नाही. त्या काळात गुळवेल असंख्य लोकांनी घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही. पण ‘हजारो वर्षं वापरात आहे’ हेही उत्तर होत नाही. इतकी माणसं, कोणाच्या देखरेखीशिवाय, महिनोन् महिने रोज घेत होती, असं पूर्वी कधी झालं होतं? ग्रंथोक्त औषध बाजारात आणायला आपल्याकडे नव्यानं सुरक्षिततेची चाचणी करावी लागत नाही, त्यामुळे दुर्मीळ दुष्परिणाम कळतात ते रुग्ण दवाखान्यात पोचल्यावरच.

संशोधकांचा संशय साधा आहे. पेंगुळलेल्या पांढऱ्या पेशींना जे जागं करतं, ते आधीच बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी चिथावूही शकतं. म्हणून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, ऑटोइम्यून थायरॉइड असे आजार असलेल्यांनी, यकृताचं जुनं दुखणं असलेल्यांनी आणि अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गुळवेल स्वतःच्या मनानं घेऊ नये. ती साखरही उतरवते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही एकमेकांच्या औषधांची कल्पना द्यावी.

घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. आणि उरलेली कांडी, चूर्ण किंवा बाटली फेकून न देता डॉक्टरांकडे न्यावी. ती गुळवेल होती की क्रिस्पा, हे प्रयोगशाळेला मग सांगता येतं.