कणकेचा गोळा आणि पखवाजाचा सूर

कीर्तनाला उभं राहण्याआधी देवळाच्या ओसरीवर पखवाजी कणकेचा गोळा घेऊन बसतो. पाण्याचा हात लावत तो मळतो, डाव्या पुडीवर मधोमध थापतो आणि अंगठ्याने कडा दाबत कातड्याला चिकटवतो. मग एक थाप. आवाज चढा वाटला तर आणखी चिमूटभर कणीक. बोदा झाला तर तेवढीच काढायची. हातात तराजू नाही, पण मोजमाप चाललेलं असतं.

बीड जिल्ह्यात गावोगाव सप्ताह बसतात, तिथे हे दृश्य रोजचं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांना पखवाजवादनासाठी 1986 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्र उद्धवबापू यांनी तो वारसा पुढे चालवला. आपल्या जिल्ह्याची ओळख दुष्काळ आणि ऊसतोडीपाशीच संपवणाऱ्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं.

आता त्या कणकेचं काम. नुसतं ताणलेलं गोल कातडं वाजवलं की त्यातून अनेक कंपनं एकदम निघतात. मूळ कंपनाची गती 1 धरली तर पुढची साधारण 1.59, 2.14, 2.30 अशी येतात. तारेसारखी ती दुप्पट, तिप्पट होत नाहीत. म्हणून साध्या ढोलाचा नाद ऐकू येतो, पण त्यात नेमका सूर पकडता येत नाही. मध्यभागी वजन आलं की हा हिशेब बदलतो. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कुमार या सहकाऱ्यासोबत 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये, आणि पुढे 1934 च्या निबंधात, मृदंग-तबल्याच्या शाईचं, म्हणजे पुडीच्या मधोमध असलेल्या काळ्या थराचं, हे रहस्य उलगडलं. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनांचे आकार पाहिले. कातडं जिथे स्थिर राहतं तिथे वाळू गोळा होते. शाईमुळे नऊ प्रकारची कंपनं पाच सुरेल स्वरांत, म्हणजे जवळपास 1, 2, 3, 4, 5 या प्रमाणात, बसतात. हे त्यांनी दाखवलं, पण कारागिरांच्या हाताला ते कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

उजव्या पुडीवरची शाई कायमची असते. लोखंडाची बारीक पूड खळीत कालवून थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटताना शाईला बारीक भेगा पडतात आणि त्या पडायलाच हव्यात. नाहीतर तो टणक थर कातड्याला मोकळं हलूच देणार नाही. डावीकडे मात्र कणीक. कीर्तनकाराची पट्टी बदलली की कणकेचं वजनही बदलता येतं, आणि खर्जातली ती घुमारेदार थाप हवी तशी बसवता येते. पण उन्हाळ्यात ओसरीवर कणीक सुकते, हलकी होते आणि सूर हळूहळू वर सरकतो. मग अभंगांच्या मध्येच पखवाजी ओलं बोट फिरवतो.

शाळेत हे करून पाहायला खर्च नाही. स्टीलच्या डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा आणि वाजवा. मग मधोमध सुपारीएवढी कणीक चिकटवून पुन्हा वाजवा. आवाज खाली उतरलेला मुलांना लगेच कळतो. कणीक काढून वर चिमूटभर रवा टाकला आणि जवळ मोठा आवाज केला, तर रवा नाचताना दिसतो.

भजन संपलं की पखवाजी कणीक खरवडून काढतो आणि ओल्या फडक्याने पुडी पुसतो, कारण तशीच वाळली तर ती कातडं ओढते. उद्या पुन्हा नवी कणीक मळायची आणि माप पुन्हा कानानेच घ्यायचं.