दीर्घकालीन आजार आणि वृद्धांमधील दुर्बलता : वसई-विरारच्या संदर्भात

प्रस्तावना :
केळी, फुले व पानवेलींच्या वाड्यांसाठी ओळखला जाणारा वसईचा परिसर उपनगरी रेल्वेमुळे मुंबईशी जोडला गेला. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. येथील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे पहाटे मुंबईस जातात व रात्री परततात. दिवसभर घरी राहणाऱ्या, मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात अशा आजारांसह जगणाऱ्या वृद्धांची चाल मंदावली, तर ‘आता वय झाले’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष महागात पडते.

संकल्पना :
दुर्बलता ही वार्धक्याहून आणि आजाराहून वेगळी अवस्था आहे. तीत शरीराची राखीव शक्ती घटते. त्यामुळे साधा ताप किंवा किरकोळ पडणेही व्यक्तीस अंथरुणास खिळवू शकते. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे मांडली :
१) प्रयत्नाविना वजन घटणे
२) सततचा थकवा
३) हाताची पकड क्षीण होणे
४) चालण्याचा वेग मंदावणे
५) शारीरिक हालचाल कमी होणे
यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास व्यक्ती दुर्बल समजली जाते. एक किंवा दोन असल्यास ती पूर्वावस्था होय.

कारणमीमांसा :
दीर्घकालीन आजार व दुर्बलता परस्परांना बळ देतात. मधुमेहात स्नायूंचा ऱ्हास लवकर होतो. सांधेदुखीमुळे चालणे थांबते व न चालल्याने स्नायू अधिकच झिजतात. पथ्याच्या नावाखाली डाळी, दूध, अंडी व मासे कमी केल्यास प्रथिनांची उणीव निर्माण होते. रक्तातील साखर अथवा रक्तदाब औषधांनी प्रमाणाबाहेर उतरल्यास भोवळ येऊन पडण्याचा धोका वाढतो. उद्वाहन नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाचे बाहेर पडणे हळूहळू बंद होते.

उपाययोजना :
पूर्वावस्थेत दुर्बलता बऱ्याच अंशी परतवता येते. नेहमीच्या चालीने चार मीटर अंतर चालण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत असल्यास पुढील तपासणी करून घ्यावी. ही चाचणी घरीही करता येते. खुर्चीतून उठण्या-बसण्यासारखे स्नायूंना बळ देणारे व तोल सांभाळण्याचे व्यायाम, पुरेशी प्रथिने (मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच) आणि सर्व औषधांचा डॉक्टरांकडून ठरावीक काळाने फेरआढावा हे प्रमुख उपाय होत.

निष्कर्ष :
केंद्र शासनाने २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना आयुष्मान भारत योजनेतून वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. तथापि दुर्बलता रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी, घरातच ओळखावी लागते. रक्तदाब व साखर यांच्या नोंदींबरोबर चाल, पकड आणि वजन यांचीही नोंद ठेवली गेली, तर अनेक वृद्धांचे स्वावलंबन टिकून राहील.