ध्यानात विचार येतात? येऊ द्या!

"डॉक्टर, तुम्ही सांगितलं म्हणून ध्यानाला बसले, पण डोळे मिटले की डोक्यात जास्तच गर्दी होते. मला नाही जमायचं ते." परवा एका शिक्षिकाबाईंनी दवाखान्यात अशी तक्रार केली. अशी तक्रार करणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. पहिला तक्रारदार मी स्वतःच होतो.

२०२१ साली कोरोनाची दुसरी लाट ओसरली, पण माझी गेलेली झोप काही परत आली नाही. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचे. ईसीजी काढला, साखर पाहिली, थायरॉईड तपासले. सर्व ठीक. ब्लडप्रेशर तेवढे वाढलेले निघाले आणि गोळी सुरू झाली. परंतु खरे निदान केले ते माझ्या कंपाउंडरने. एका रात्री दवाखाना आवरताना तो भीतभीत म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण हल्ली तुम्ही पेशंटचं बोलणं पुरं होऊ देत नाही. तो तोंड उघडतो तोवर तुमची चिठ्ठी लिहून होते."

हे मला फार लागले. ऐकून घेणे हे तर आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांचे निम्मे औषध! एका डॉक्टर मित्राने सुचवले, "रोज दहा मिनिटं गप्प बस आणि श्वासाकडे बघ." मी बसलो. पहिल्या मिनिटाला गॅस सिलिंडर आठवला, दुसऱ्याला विम्याचा हप्ता, तिसऱ्याला एका पेशंटचा राहिलेला रिपोर्ट. चौथ्या मिनिटाला मी उठलो आणि हे आपले काम नव्हे असे ठरवून टाकले.

चूक कुठे होती, ते पुढे कळले. ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, असा माझा समज होता. मन रिकामे होत नसते. विचार निर्माण करणे हे मेंदूचे कामच आहे. मन भटकले हे आपल्या ध्यानात येणे आणि त्याला पुन्हा श्वासावर आणणे, हाच खरा व्यायाम. तालमीत एका बैठकीने मांड्या भरत नाहीत, तसेच हे. दहा मिनिटांत मन पन्नास वेळा पळाले आणि पन्नास वेळा परत आणले, तर पन्नास बैठका झाल्या म्हणायच्या!

आता यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. हृदय, श्वास, पचन यांवर स्वयंचलित मज्जासंस्थेच्या दोन शाखांचा ताबा असतो. एक शाखा धोक्याच्या वेळी नाडी आणि रक्तदाब वाढवते, तर दुसरी विश्रांतीच्या वेळी शरीराला निवांत करते. सतत काळजी करणाऱ्या माणसात पहिलीच शाखा जागी राहते. श्वास संथ झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की दुसरीला बळ मिळते. अमेरिकेतील हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली या शांत अवस्थेवर पुस्तक लिहिले आणि ते जगभर गाजले. आपल्याकडे तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ सालीच लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता. २००१ साली इटलीतील संशोधकांनी एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. योगातील मंत्र म्हणा की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. आपल्या आजीच्या जपमाळेला हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे!

करायचे ते असे :

१. वेळ आणि जागा ठरवून घ्या. सकाळी चहापूर्वीची दहा मिनिटे उत्तम. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. खुर्चीवर बसा किंवा मांडी घाला. पाठ ताठ, पण अंग सैल असावे. गुडघे दुखत असतील तर मांडीचा हट्ट नको.

३. डोळे मिटा. नाकाने श्वास आत येतो व बाहेर जातो, तो फक्त जाणा. रोखू नका, जोर लावू नका.

४. हवे तर प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक मोजा, एक ते दहा. चुकलात तर पुन्हा एकपासून. अंकांऐवजी श्रद्धेचे नाव घेतले तरी चालेल.

५. मन पळाले की स्वतःवर चिडू नका. दावे सोडून गेलेले वासरू आपण चुचकारून आणतो, तसे मनाला आणा.

सुरुवात पाच मिनिटांनी करा. महिनाभर खंड पडू देऊ नका आणि मगच काय ते ठरवा.

आता एक कबुली देतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. काही वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या एका निवृत्त कारकुनांना मी मोठ्या उत्साहाने ध्यान शिकवले. त्यांना बरे वाटू लागले, झोप येऊ लागली. मग त्यांनी आपल्या मनानेच गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी घरचे लोक त्यांना रिक्षात घालून घेऊन आले. तोंड वाकडे, उजवा हात लुळा. ते वाचले, पण सही अजून डाव्या हाताने करतात. "गोळ्या चालूच ठेवा," हे एक वाक्य मी तेव्हा ठासून सांगितले नव्हते. म्हणून आज सांगतो. ध्यान हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नव्हे. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थेनेही २०१७ साली हेच मत दिले आहे. रक्तदाब चांगला राहिल्यास गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तसेच छातीत दुखू लागल्यास ध्यानाला न बसता थेट दवाखाना गाठावा. पूर्वी भ्रम, भास किंवा तीव्र नैराश्य होऊन गेले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी. डोळे मिटल्यावर घाबरे होत असेल तर ते उघडावेत आणि सावकाश चालताना पावलांकडे लक्ष द्यावे. जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

माझे म्हणाल, तर रक्तदाबाची गोळी मी अजून घेतो. मन आजही पळतेच, मात्र लवकर परत येते. कंपाउंडरची जुनी तक्रार मिटली आहे. "साहेब पेशंटशी फार वेळ बोलत बसतात, दवाखाना बंद करायला उशीर होतो," अशी त्याची नवी कुरकुर आहे. ती मी आनंदाने ऐकून घेतो.